उसवणारा उपसर्ग

शिंप्याचा टाका चुकला म्हणजे तो कापड फाडीत नाही. कात्रीच्या टोकाने एकेक धागा उचलून शिवण उसवतो आणि कापड पूर्ववत करतो. झालेली क्रिया अशी उलट्या पावलांनी मागे नेण्याचे काम मराठीत उसवणे, उकलणे, उघडणे अशा निरनिराळ्या क्रियापदांकडे वाटलेले आहे. पोर्तुगीज भाषेने मात्र त्याचा बहुतेक मक्ता ‘देस्’ या एका उपसर्गाला देऊन टाकला आहे. ‘कोझेर’ म्हणजे शिवणे, ‘देस्कोझेर’ म्हणजे उसवणे. ‘फाझेर’ म्हणजे करणे, ‘देस्फाझेर’ म्हणजे केलेले मोडणे.

या उपसर्गाचे मूळ दप्तर लॅटिनमध्ये सापडते. तेथील ‘दिस्’चा आद्य अर्थ उलटविणे नसून दुभंगणे, वेगळे होणे हा होता, संस्कृत ‘द्विः’शी भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते जोडतात ते याचमुळे. सांधलेले वेगळे करणे म्हणजेच सांधण्याची क्रिया उलटविणे. एक अर्थ दुसऱ्यात असा उतरला, याचा सुंदर दाखला रोमन लेखक सिसेरोच्या मैत्रीविषयक ग्रंथात आहे. न निभणारी मैत्री फाडू नये, उसवावी, हे रोमन मुत्सद्दी केटोचे मत तेथे दिले आहे. आणि तेथील या दोन्ही लॅटिन क्रियापदांच्या आरंभी ‘दिस्’च आहे. पहिल्यात तो केवळ तुकडे करतो, दुसऱ्यात टाक्याचे काम परत घेतो.

पुढे लोकांच्या बोलण्यात ऱ्हस्व इकाराचा एकार होऊन ‘दिस्’चा ‘देस्’ झाला. तथापि हा वारसा एकट्या ‘दिस्’चा नाही. ‘पासून’ आणि ‘बाहेर’ अशा अर्थांची ‘दे’ व ‘एक्स’ ही लॅटिन अव्यये एकत्र येऊनही हाच ध्वनी सिद्ध होतो. ‘पासून’ याच अर्थाच्या पोर्तुगीज ‘देस्दे’ शब्दात त्याची खूण आहे, आणि म्हणून काही अभ्यासक उपसर्गाच्या घडणीत त्यांचाही हिस्सा धरतात.

‘कोब्रीर’ म्हणजे झाकणे. त्यावरून ‘देस्कोब्रीर’ म्हणजे आच्छादन काढणे, आणि पुढे शोध लावणे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्या सागरी पर्वाला पोर्तुगीज लोक याच शब्दाने गौरवितात. आच्छादन कोणाच्या डोळ्यांवर होते, हे शब्द सांगत नाही.

गंमत अशी की, ‘इंकिएतो’ म्हणजे अस्वस्थ, आणि लोकांच्या तोंडचा ‘देसिंकिएतो’ म्हणजेही अस्वस्थच! उलटविणारा उपसर्ग येथे काहीच उलटवीत नाही. आपण तरी काय करतो? ‘घोर’ म्हणजे भयंकर, आणि अघोर कृत्य त्याहून भयंकर.