डिस्क दोन, घड्याळ एकच

या आठवड्यात ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज की लिनक्स असं विचारणाऱ्या बूटलोडरच्या, मेनूबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. परळ भोईवाड्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न मला इतका आवडतो की आजचा अख्खा लेख त्यालाच देणार आहे.

कोर्टाच्या जवळ त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज अशी सगळी कामं. जुन्या फाइली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या, त्यामुळे विंडोज सोडता येत नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून त्यांनी नवी एसएसडी बसवली आणि तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. मागच्या लेखात सांगितल्याप्रमाणे इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवली, काम झाल्यावर परत जोडली. दोन्ही सिस्टिम व्यवस्थित सुरू होतात. पण संध्याकाळी लिनक्सवर स्कॅनिंग उरकून रात्री नऊला विंडोज उघडली की कोपऱ्यात दिसतात दुपारचे साडेतीन. हातानं वेळ दुरुस्त केली, तर पुढच्या खेपेला लिनक्स आधी मध्यरात्रीनंतरची वेळ दाखवतं आणि इंटरनेट मिळालं की ताळ्यावर येतं. त्यांनी मदरबोर्डवरचा सेलही बदलून पाहिला. फरक शून्य. मशीन म्हातारं झालं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मशीन ठणठणीत आहे. खूण त्यांच्याच पत्रात आहे: नऊ आणि साडेतीन, म्हणजे बरोबर साडेपाच तास. सेल मेला की तारीख कित्येक वर्षं मागे, बहुतेक मदरबोर्ड तयार झाला त्या सुमाराला जाते, किंवा घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडतं. नेमका साडेपाच तासांचा फरक सेल पाडत नाही. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि तुमच्या दोन सिस्टिम एकाच घड्याळाकडे बघून दोन वेगळे अर्थ लावताहेत.

कॅबिनेटची बाजू उघडा. दोन डिस्क, दोन केबली, दोन वेगळे पोर्ट. इथवर आपण सगळं वेगळं केलं. पण मदरबोर्डवर रुपयाएवढा जो चपटा सेल दिसतो, सीआर २०३२, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा, त्यावर चालणारं घड्याळ एकच आहे. मशीन बंद असताना वेळ मोजायचं काम त्याचं. आत क्वार्ट्‌झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा दोनानं भागलं की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद.

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत असं घड्याळ नव्हतंच. प्रत्येक वेळी मशीन सुरू केलं की डॉस तारीख आणि वेळ विचारायचं आणि माणूस मनगटावरच्या घड्याळात बघून ती टाइप करायचा. १९८४ च्या पीसी एटीत मोटोरोलाची घड्याळाची चिप आणि तिच्यासाठी बॅटरी आली. या चिपमध्ये सेकंद, मिनिटं, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष यांसाठी जागा आहे. वर्षाचेही शेवटचे दोनच आकडे. ही वेळ कुठली, ग्रिनिचची की तुमच्या गावची, हे लिहायला मात्र जागाच नाही. डॉसला प्रमाणवेळा वगैरे ठाऊक नव्हत्या, त्यामुळे चिपमध्ये गावची वेळ गेली आणि जुन्या प्रोग्रामांशी जुळवून घ्यायचं म्हणून विंडोजनं तीच रीत चालू ठेवली. युनिक्सचं घराणं वेगळं. तिथे वेळ म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. गावची वेळ फक्त दाखवताना काढायची. लिनक्स त्या घराण्यातलं, म्हणून ते चिपमध्ये ग्रिनिचची वेळ आहे असं धरून चालतं. आणि नुसतं धरून चालत नाही. इंटरनेटवरून वेळ जुळली की लिनक्सचा कर्नल दर ११ मिनिटांनी ती चिपमध्ये लिहीत राहतो. भोईवाड्यात रात्री नऊला चिपमध्ये साडेतीन असतात ते त्यामुळे.

केबल काढून ठेवण्याचा इथे थोडा संबंध येतो. डेबियनसारख्या लिनक्सचे इन्स्टॉलर शेजारी दुसरी सिस्टिम दिसते का हे बघून घड्याळाचा अंदाज बांधतात. आपण विंडोजची डिस्कच सोडवून ठेवली तर लिनक्सला आपण एकटेच आहोत असं वाटणार. तरीही माझा सल्ला तोच आहे, केबल काढाच. घड्याळ दोन मिनिटांत दुरुस्त होतं. चुकीच्या डिस्कवर जाऊन बसलेला बूटलोडर निस्तरायला अख्खी संध्याकाळ जाते.

आता थोडं विषयांतर, पण परळचंच आहे. एका गावात दोन वेळा चालवण्याचा अनुभव मुंबईला चांगला पन्नासेक वर्षांचा आहे. १ जानेवारी १९०६ ला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधीची मुंबईची स्वतःची वेळ, बॉम्बे टाइम, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. फरक ३९ मिनिटांचा. गिरणीचं घड्याळ पुढे केलं की पाळीचा आकडा तोच राहतो, पण कामगाराला सूर्याच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी दारात हजर व्हावं लागतं. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी या वेळेविरुद्ध काम थांबवलं. अंधारात उठून गिरणी गाठणाऱ्या माणसाला ३९ मिनिटांची झोप म्हणजे काय, हे गिरणगावात कुणाला समजावून सांगायला नको. रेल्वे आणि तारखातं प्रमाणवेळेवर गेलं, महापालिका पुढे कित्येक दशकं बॉम्बे टाइम पाळत राहिली आणि तो पुरता संपला १९५५ साली. तोवर नुसतं ‘दहा वाजता या’ म्हणून भागत नव्हतं. कुठले दहा, तेही सांगावं लागे. आपल्या चिपमध्ये जी जागा नाही, ती नेमकी हीच.

मग करायचं काय? दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवायची. फक्त एकाला. दोघांनाही शिकवली तर पुन्हा उलटा गोंधळ होतो, आणि रात्री नऊला विंडोज पहाटेचे अडीच दाखवते.

सोपा रस्ता लिनक्सच्या बाजूनं आहे. टर्मिनलमध्ये सुडो, मग टाइमडेटसीटीएल, मग सेट-लोकल-आरटीसी आणि शेवटी १. एवढ्यावर लिनक्स चिपमधली वेळ गावची मानायला लागतं. लिनक्सवाले या उपायावर नाक मुरडतात, आणि नुसती टाइमडेटसीटीएल ही आज्ञा दिलीत तर लिनक्स स्वतःही इशारा छापतं. त्यामागचं कारण बरंचसं परदेशातलं आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ तासभर सरकवतात, आणि चिपमध्ये गावची वेळ असेल तर तो तास नक्की कुणी सरकवायचा हा घोळ होतो. आपल्याकडे ती भानगड नाही. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

मला स्वतःला दुसरा रस्ता पसंत आहे: चिपमध्ये ग्रिनिच ठेवायचं आणि विंडोजला तसं सांगायचं. उद्या पेनड्राइव्हवरून तिसरी एखादी सिस्टिम चालवलीत तर तीही बहुधा ग्रिनिचच धरणार, मग विंडोज एकटीच वेगळी का ठेवायची? रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि टाइमझोन इन्फर्मेशन असं आत जा. तिथे ३२ बिटांची एक नवी डीवर्ड नोंद करा. नाव ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’, चारही शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता. किंमत १. त्याच कप्प्यातल्या बाकीच्या नोंदींना हात लावू नका. मशीन रीस्टार्ट करा, विंडोजमधली वेळ एकदा जुळवून घ्या, मग लिनक्समध्ये जाऊन परत या. दोन्हीकडे तीच वेळ दिसली की काम झालं.

भोईवाड्यातल्या वाचकांना हे आजच करायला सांगतो, कारण त्यांच्या दुकानात वेळ नुसती कोपऱ्यात दिसण्यापुरती नाही. सेव्ह केलेल्या प्रत्येक फाइलवर ती शिक्का मारते. रात्री नऊला दुरुस्त केलेल्या मसुद्यावर दुपारचे साडेतीन पडले आणि चार वाजताची जुनी प्रत शेजारीच असली, तर यादीत जुनी प्रत नवी ठरते आणि तीच छापली जाते. बॅकअपचा प्रोग्रामही याच शिक्क्यावर विसंबून कुठली फाइल ठेवायची ते ठरवतो. आधी झालेल्या फाइलींच्या वेळा या दुरुस्तीनं बदलणार नाहीत. गेल्या काही दिवसांतले मसुदे एकदा उघडून बघून घ्या.

ग्रब पुढच्या आठवड्यात. तोवर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवा. ते चालू असताना शट डाउन केलेली विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि तिच्या डिस्कवर लिनक्सला लिहू देत नाही. मेनूच्या आधी तेवढं झालेलं बरं.