टाकळ्याचे उपयोग आणि एक सावधगिरी

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस लोटले कीं बांधावर, पडीक जमिनींत, उकिरड्याच्या कडेस व वाटेच्या दुतर्फा टाकळा उगवूं लागतो. विदर्भांत यास तरोटा म्हणतात, गोमंतकांत तायकिळो. त्यास पेरणी नको व राखणहि नको. म्हणून आपण त्याची गणना तणांत करून मोकळे होतों. परंतु आपल्या पूर्वजांनीं यास औषधांत स्थान दिलें आहे. तें कां दिलें, हें शेतकरी बंधूंनीं समजून घेणें लाभदायक आहे.

संस्कृतांत टाकळ्यास चक्रमर्द व दद्रुघ्न अशीं नांवें आहेत. दद्रु म्हणजे नायटा. त्याचा चट्टा अंगावर चक्रासारखा वाटोळा उमटतो. त्या चक्राचें मर्दन करणारा तो चक्रमर्द. नायटा हा रोग सूक्ष्म बुरशीमुळें होतो, आणि टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनिक आम्ल म्हणून जें द्रव्य असतें, तें बुरशीच्या वाढीस विरोध करितें. बीं बारीक वाटून आंबट ताकांत किंवा लिंबाच्या रसांत खलून लेप देण्याची जुनी रीत आहे, तिचें मर्म हेंच. लेप प्रथम थोड्या जागेवर लावून पाहावा. आग होऊं लागल्यास लागलीच धुऊन टाकावा. डोळ्यांजवळ किंवा चिघळलेल्या जागेवर तो लावूं नये. दोन आठवड्यांत गुण न आल्यास अथवा चट्टे पसरूं लागल्यास डॉक्टरांस दाखवावें.

आषाढ-श्रावणांत कोवळ्या पाल्याची भाजी करितात. कोंकणांत व गोमंतकांत तींत फणसाच्या आठळ्या आणि ओलें खोबरें घालितात. सोनामुखी ही टाकळ्याच्याच जातकुळींतील असल्यामुळें हा पालाहि सारक आहे. सबब भाजी बेताचीच खावी, आणि पाला फुलें येण्यापूर्वींचा घ्यावा. फुलावर येण्यापूर्वीं टाकळा जमिनींत गाडल्यास हिरवळीचें खतहि होतें. शेंगा पिकूं दिल्यास मात्र बीं झडतें, आणि त्याचें कवच टणक असल्यामुळें तें पुढें कित्येक वर्षें उगवत राहतें.

आतां सावधगिरीविषयीं. टाकळ्यासारखेंच दिसणारें दुसरें एक झुडूप आहे, तें कासविंदा. हिंदींत यास कसौंदी म्हणतात. संस्कृतांत हा कासमर्द, म्हणजे खोकल्याचें मर्दन करणारा. यालाहि जुन्या वैद्यकांत मान आहे. परंतु याचें बीं विषारी आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत, बिजनौर, सहारनपूर वगैरे जिल्ह्यांत, लहान मुलें हिंवाळ्याच्या सुमारास एकाएकीं आजारी पडून दगावत असत. तो मेंदूज्वर असावा असा प्रथम समज होता. खेळतां खेळतां कासविंद्याचें बीं खाल्ल्यानें मेंदू, यकृत व स्नायु बिघडून हा आजार होतो, असें दाखविणारें संशोधन २००७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें लोकांस माहिती मिळाल्यावर सहारनपूर भागांतून हा आजार नाहींसा झाला. गुरांच्या चाऱ्यांत वा दाण्यांत हें बीं मिसळल्यास त्यांचेहि स्नायु दुर्बल होतात, आणि जनावर बसलें तें उठत नाहीं.

महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव फिरतांना हीं दोन्ही झुडपें एकाच बांधावर वाढलेलीं आम्ही पुष्कळदां पाहिलीं आहेत. दोहोंचीं फुलें पिवळीं आणि दोहोंचा वास उग्र. म्हणून फुलावरून किंवा वासावरून निर्णय करूं नये. पान व शेंग पाहावी. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, आणि पानाचें टोंक गोलसर असतें. कासविंद्यास बहुधा चार-पांच जोड्या, आणि पान टोंकदार असतें. टाकळ्याची शेंग बारीक, सुमारें अर्धा फूट लांब व किंचित् वांकडी. कासविंद्याची तीहून आंखूड, रुंद, चपटी व कडेस फिकी.

घराजवळ, शाळेजवळ व गोठ्याजवळ कासविंदा दिसल्यास शेंगा भरण्यापूर्वींच मुळासकट उपटावा. औषधासाठीं बीं स्वतः ओळखून गोळा करावें. ओळख पटत नसेल तर घेऊं नये. आणि घरांतील मुलांस दोन्ही झुडपें शेजारीं ठेवून एकदां दाखवावीं, व कोणतीहि रानशेंग तोंडांत न घालण्याविषयीं बजावावें.