१३४ पराभवांचे धनी कोण?

बेसबॉलच्या जुन्या नोंदी चाळताना १८९९ सालच्या क्लीव्हलँड स्पायडर्स या अमेरिकी संघाचा तक्ता माझ्यापुढे आला: सामने १५४, विजय २०, पराभव १३४. अव्वल दर्जाच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके सामने दुसरा कोणताही संघ हरलेला नाही. आधी मीही खेळाडूंनाच दोष दिला. मग मालकी तपासली.

रॉबिसन बंधूंनी क्लीव्हलँडचा संघ हाती असतानाच सेंट लुईसचाही संघ विकत घेतला आणि नामवंत खेळाडू तिकडे हलवले. पुढे कारकिर्दीत ५११ विजयांचा विक्रम करणारा पिचर साय यंग त्यांतलाच. क्लीव्हलँडच्या प्रेक्षकांनी उरलेल्या संघाकडे पाठ फिरवली. तिकिटांतला वाटा प्रवासखर्चालाही पुरेना, म्हणून पाहुणे संघ तिथे यायला नाखूश. परिणामी ११२ सामने परगावी झाले. त्यांत १०१ पराभव. शेवटच्या ४१ सामन्यांत विजय एकच.

हंगामानंतर नॅशनल लीगने बारा संघांचे आठ केले. वगळलेल्यांत स्पायडर्सही होता. तक्त्यात आजही हार खेळाडूंच्या नावावर आहे. मालकांसाठी त्यात रकानाच नाही.