वेदनेचे साठ दिवस

समजा, मुलुंडमधील एक कर्करोगी मॉर्फिनची गोळी अर्धी करून घेऊ लागला. वेदना कमी झाली म्हणून नव्हे, विमा थांबला म्हणून! हे कसे घडते ते पाहू.

आपल्याकडील आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयातील खर्चासाठी आखलेला असतो. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत साधारणपणे किमान २४ तास रुग्णालयात दाखल असावे लागते. त्याआधीच्या ३० आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचाच औषधखर्च मिळतो. एकसष्टाव्या दिवसापासून गोळी खिशातून!

शरीराला ही मुदत ठाऊक नसते. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो. म्हणूनच वेदना उसळण्याची वाट न पाहता औषध घड्याळाप्रमाणे द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सुचविले. मात्रा घटली की वेदना परतते. औषध एकदम थांबवले तर घाम, मळमळ, बेचैनीही होते.

तेव्हा गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत. खर्चाची अडचण डॉक्टरांना आधीच सांगावी. चिठ्ठी, बिले, डिस्चार्ज कार्ड जपावे. घरात कोणी कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर तिकडे चौकशी करावी. तिची रुग्णालये मुलुंड, कांदिवलीत आहेत आणि तेथे विमाधारकाच्या उपचारखर्चाला कमाल मर्यादा नाही.

विद्यार्थ्यांना घरची पॉलिसी वाचून त्यातील ‘दिवस’ शोधायला सांगू या. दुखणे येण्याआधीच ते ठाऊक असलेले बरे.