उशाशी पुस्तक, कपाळावर दिवा

लेक दीड वर्षांची होती तेव्हा आमच्या घरात रात्रीचं वाचन बंद पडलं. खोली एकच आणि तिची झोप सावध. दिव्याचं बटण खट्कन वाजलं तरी ती उठून बसायची. त्या दिवाळीत गावाहून येताना दिरांकडची जास्तीची डोक्याची बॅटरी घेऊन आले. रात्रीच्या पाळीची वीज आली की शेतात पाण्याची दारं धरायला जाताना ते ती लावतात. पहिल्याच रात्री पुस्तक उघडलं, बटण दाबलं आणि पान पांढरंफटक झालं. अक्षरं त्या उजेडात बुडाली, पानावरून उसळलेला प्रकाश छतावर गेला आणि लेक जागी झाली.

बॅटरीत खोट नव्हती. बांधावरचा साप दहा पावलांवरून दिसावा, पाणी सरीच्या टोकाला पोचलं का हे उभ्या जागेवरून कळावं, यासाठीच ती असते. हेडलॅम्पचा वापर मुळात खाणीत आणि गुहेत उतरणाऱ्यांचा, डोंगर चढणाऱ्यांचा. फ्रान्सच्या पेट्झल कंपनीने २००० साली ‘टिक्का’ हा छोटा एलईडी दिवा आणला आणि त्यानंतर असे हलके दिवे ट्रेकवाल्यांच्या सॅकमध्ये सर्रास दिसू लागले. खोक्यावरचे आकडे मात्र अजून लांबचं पाहणाऱ्यांसाठीच छापलेले असतात : १००० ल्युमेन, २०० मीटर. वाचणाऱ्याचं पान असतं ४० सेंटीमीटरवर. म्हणून वाचनासाठी दिवा घेताना पहिला प्रश्न एकच विचारावा, हा कमीत कमी किती मंद होतो?

हिशेब सोपा आहे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश, लक्स म्हणजे पानावर जागोजागी पडणारा. ६० अंशांत सारखा पसरणारा ३० ल्युमेनचा प्रकाश ४० सेंटीमीटरवरच्या पानावर साधारण २०० लक्स भरतो. अभ्यासाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असावेत असं धरतात, पण अंधाऱ्या खोलीत सरावलेल्या डोळ्यांना २०० पुरतात. साठी ओलांडलेल्यांच्या डोळ्यांत प्रकाश कमी पोचतो, त्यांनी ५०-६० ल्युमेन धरावेत. पुस्तक जवळ घेतलं तर प्रकाश कमी लागतो, कारण अंतर निम्मं झालं की पानावरचा प्रकाश चौपट होतो. तेव्हा ५ ते ६० ल्युमेनच्या दरम्यान दोन-तीन पायऱ्या असलेला दिवा वाचणाऱ्याचा. ज्याची सगळ्यांत खालची पायरीच १०० ल्युमेनची आहे, तो कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट झोताची. लांब टाकणाऱ्या दिव्याचा झोत पानाच्या मधोमध एक तापलेला ठिपका पाडतो आणि कडा अंधारात राहतात. ओळीच्या शेवटाकडे जाताना नजरेबरोबर मानही फिरवावी लागते. अर्ध्या तासात मान भरून येते. पसरट प्रकाशाचा, दुधी काचेचा दिवा दोन्ही पानं एकसारखी उजळतो. कपाळावरच्या दिव्याने पुस्तकावर हाताची सावली पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण गुळगुळीत कागदावरून तोच प्रकाश थेट डोळ्यांत परततो. दिवाळी अंकाची जाहिरातींची पानं वाचताना हे लगेच कळतं. अशा वेळी अंक थोडा तिरका धरावा.

रंगाबद्दल मी आग्रही आहे. पांढऱ्या एलईडीत सहसा निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्याचा काही भाग बदलून पांढरा भास देतो. लेप कमी तर प्रकाश निळसर, जास्त तर उबदार. आपल्या डोळ्यांत दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणाऱ्या पेशी आहेत आणि त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात. झोपण्याआधी त्यांना जागं करण्यात अर्थ नाही. म्हणून २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा घ्यावा, आणि मंद ठेवावा. लाल दिव्याची शिफारस होते, पण त्यात लाल शाईच्या खुणा आणि अधोरेखनं कागदात विरून जातात. शिवाय आपल्या लिपीत घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक एवढ्याशा रेघेचा, अनुस्वार तर नुसतं टिंब. अपुऱ्या लाल उजेडात डोळे ताणून तो शोधायचा कशाला?

स्वस्त दिवे मंद पायरीवर भराभर उघड-मीट करून प्रकाश कमी करतात. काहींचं डोकं त्यानेच दुखतं. मंद पायरी लावा, समोर पेन झपाझप हलवा. एका पेनाऐवजी तुटक-तुटक अनेक पेनं दिसली, तर तो दिवा परत ठेवा.

वजनाचं महत्त्व आडवं झाल्यावर कळतं. डोक्यामागे सेलची डबी असलेला दिवा लावून उशीला टेकताच येत नाही. सगळं समोर असलेला, ५०-६० ग्रॅमचा, खाली झुकणारा दिवा बरा. पट्टा निघावा आणि धुता यावा, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो घामाने लगेच भिजतो. दिवा किती तास चालतो हा आकडाही नीट वाचा : अशा दिव्यांसाठीच्या एफएल-१ मानकानुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे छापलेल्या तासांतले शेवटचे काही वाचायच्या कामाचे नसतात. ‘९९०० एमएएच’ असं छापलेल्या बोटभर लिथियम सेलच्या वाटेला जाऊ नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. आणि चार्जिंगला लावलेला दिवा उशीखाली कधीही ठेवू नका.

मी शेवटी घेतलेला दिवा खालच्या पायरीवर १० ल्युमेनचा, पिवळसर आहे. लेक आता सात वर्षांची आहे, तिच्या शेजारी पडून मी रोज तासभर वाचते. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पिशवीत एखादं बारीक टायपाचं पुस्तक टाका, दुकानात जरा अंधारा कोपरा शोधा आणि सगळ्यांत मंद पायरीवर एक पूर्ण पान वाचून पाहा. ते सहज वाचता आलं, तरच पैसे द्या.