घरांतला जुना कुत्रा आणि नवें पिलूं

घरांतला कुत्रा म्हातारा झाला, म्हणजे घरच्या माणसांच्या मनांत एक चमत्कारिक विचार घोळूं लागतो. तो उघड कोणी बोलत नाहीं, पण एखाद्या संध्याकाळीं पडवींत बसल्या बसल्या कोणी तरी सहज म्हणून जातें, "आतां एखादें पिलूं आणून ठेवावें. ह्यालाही सोबत होईल." ह्या सोबतींत म्हाताऱ्या कुत्र्याचा वांटा किती आणि आपला किती, ह्याचा हिशेब सहसा केला जात नाहीं. आमच्या घरींही तो कोणी केला नाहीं, आणि त्याचें फळ पहिले पंधरा दिवस सर्वांनाच भोगावें लागलें.

भंडाऱ्याचें आमचें घर जुन्या बांधणीचें आहे. पुढें ओटा, मग पडवी, मग माजघर, आणि मागें विहिरीचें परसूं. मोत्या हा मामंजींचा कुत्रा. तेरा वर्षांपूर्वीं ते वैनगंगेच्या कांठीं फिरावयास गेले असतां हें गांवठी पिलूं त्यांच्या मागोमाग आलें तें येथेंच राहिलें. सासूबाईंनीं त्याच दिवशीं बजावलें होतें कीं, माजघराच्या उंबरठ्याच्या आंत कुत्र्याचें पाऊल पडतां कामा नये. आणि मोत्यानें तेरा वर्षांत तें एकदांही पडूं दिलें नाहीं. नैवेद्य होईपर्यंत उंबरठ्याबाहेर बसून राहावें, दुपारीं माठाखालच्या गार फरशीवर निजावें, आणि दिवेलागणीस मामंजी आरामखुर्चींत बसले म्हणजे त्यांच्या डाव्या पायाशीं अंगाचें वेटोळें करावें, असा त्याचा नेम. आतां त्याच्या मागच्या पायांत संधिवात शिरला आहे, डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरला आहे, आणि हांकही दोनदां मारावी लागते.

गेल्या पौषांत नागपुरास शिकणारा माझा पुतण्या सुटींत घरीं आला, तो सदऱ्याच्या आंत एक तांबूस पिलूं घेऊनच. आपल्याकडील गांवठी कुत्र्यांचीं पिलें बहुधा हिवाळ्यांत जन्मतात. त्या दिवसांत कोणत्याही गल्लींत दोन-चार पिलें थंडीनें कुडकुडतांना दिसतात. मुलाच्या करण्यांत दयाच होती. पण घरांत येतांच त्यानें तें झोपलेल्या मोत्याच्या तोंडापाशीं ठेवलें, आणि घरांतलीं सारीं मुलें भोंवतीं कोंडाळें करून उभीं राहिलीं. मोत्या दचकून उठला. ज्या डोळ्यानें दिसत नव्हतें त्याच बाजूनें कांहीं तरी परकें, वळवळणारें अंगावर चढत होतें. मागें भिंत होती आणि पुढें माणसांचे पाय. तो गुरगुरला. लगेच चोहोंकडून "लाज नाहीं वाटत? एवढेंसें पिलूं तें!" असा भडिमार झाला, आणि मोठ्या दिरांनीं वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठींत एक ठेवून दिली. तेरा वर्षांत त्यानें खाल्लेला तो पहिला मार.

मामंजी एवढेंच म्हणाले, "अरे, पण त्याला कोणी विचारलें होतें का?" तें त्या गलबल्यांत कोणी मनावर घेतलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मोत्यानें आरामखुर्चीजवळची जागा सोडली. तो विहिरीकडे जाऊन बसूं लागला, आणि भाताला नुसतें हुंगून परत फिरूं लागला. पिलूं मात्र सर्वांच्या मांडीवर. पांचव्या दिवशीं तें त्याच्या शेंपटीशीं खेळावयास गेलें असतां मोत्या गुरगुरला नाहीं, त्यानें दांतच लावले. पिलाचा कान फाटून रक्त आलें, आणि म्हातारपणीं मोत्या चिडखोर झाला असा निकाल घरानें देऊन टाकला.

पशुवैद्यांनीं पिलाच्या कानाला औषध लावलें आणि मग मोत्याला जवळ घेतलें. त्याच्या कमरेवर हलकेंच बोट दाबतांच तो कळवळला. शेंपटीशीं खेळणाऱ्या पिलानें नेमका हाच भाग दुखवला असला पाहिजे. मग त्यांनीं विचारलें, "पूर्वीं हा गुरगुरत असे का?" आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, पहिल्या दिवशीं गुरगुरला होता, पण ती खोड आम्हीं मोडली. ते हंसले नाहींत. ते म्हणाले कीं, गुरगुरणें ही कुत्र्याची शिवी नव्हे, ती सूचना आहे. आधीं तो मान फिरवितो, जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेनें असा पाहतो कीं बुबुळाभोंवतींचा पांढरा भाग दिसूं लागतो, अंग ताठ करतो. एवढ्यानें कोणाला समजलें नाहीं, म्हणजे गुरगुरतो. त्यानेंही भागलें नाहीं, म्हणजे हवेंत तोंड टाकतो. आणि चावतो तो अगदीं शेवटीं. मधली पायरी मारून बंद केली, तर कुत्रा शांत होत नाहीं. तो ती पायरी गाळून पुढच्या पायरीवर जातो.

हें ऐकून मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी क्वचित्‌च वाटली असेल. वैश्वदेवाच्या वेळीं यमाच्या श्याम आणि शबल ह्या दोन कुत्र्यांच्या नांवानें ज्या घरांत आजही अन्न बाजूस काढलें जातें, त्या घरांतली ही गोष्ट. महाभारताच्या आरंभींच, आदिपर्वांतल्या पौष्य उपपर्वांत, जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. देवशुनी सरमेचें पिलूं सत्राच्या जागीं आलें. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमा येऊन जाब विचारते कीं, ह्यानें अपराध कोणता केला होता? कोणालाही उत्तर देतां येत नाहीं, आणि मग ती शाप देते. आमच्याकडे मार खाल्ला तो पिलानें नव्हे, म्हाताऱ्यानें, एवढाच काय तो फरक. प्रश्न तोच होता.

येथें एका समजुतीचा उलगडा करणें अवश्य आहे. 'जनावरांत सुद्धां लहानग्याला सारे सांभाळून घेतात, मग आमच्याच कुत्र्याला हा मत्सर कां?' असें पुष्कळ जण म्हणतात. ह्यांतला पूर्वार्ध अगदींच खोटा नाहीं, आणि त्याचा दाखला आमच्याच मुलुखांत आहे. साकोलीच्या पलीकडचें नागझिऱ्याचें रान १९७० सालीं अभयारण्य झालें, तेव्हां तो सारा टापू भंडारा जिल्ह्यांतच होता. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि २०१३ पासून नवेगांव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प दोन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. त्या रानांत रानकुत्रीं, म्हणजे कोळसुंदे, आहेत. तांबूस अंगाचीं, झुबकेदार काळ्या शेंपटीचीं, आणि शिटीसारखा आवाज काढून एकमेकांना साद घालणारीं हीं जनावरें कळपानें शिकार करतात. पिलें बिळांत असेपर्यंत कळपांतलीं मोठीं कुत्रीं पोटांतलें मांस ओकून त्यांना भरवितात. आणि पिलें शिकारीपर्यंत येऊं लागलीं, म्हणजे आधीं पिलें खातात व मोठीं थांबतात. मनुष्याच्या पंक्तींतही ही रीत नेहमीं पाळली जाईलच असें नाहीं.

पण हीं पिलें त्याच कळपांत जन्मलेलीं असतात. त्यांचा वास जन्मापासून सर्वांच्या नाकांत असतो, आणि कोणी बाहेरून उचलून आणून तीं मधोमध ठेविलेलीं नसतात. शिवाय रानकुत्रा हा आपल्या कुत्र्याचा पूर्वज नव्हे. घरचा कुत्रा लांडग्याच्या वंशांतला, रानकुत्र्याची जातच निराळी. सदऱ्यांतून आलेलें पिलूं मोत्याच्या दृष्टीनें बालक नव्हतें. तें एक परकें कुत्रें होतें. त्याच्या वागण्याला मत्सर म्हणणें म्हणजे आपल्या घरांतलें नाटक त्याच्यावर लादणें होय.

त्यानंतर आम्हीं सारा कारभार नव्यानें मांडला. पिलाला माडीवरच्या खोलींत नेलें. चार दिवस दोघांची दृष्टादृष्टही होऊं दिली नाहीं. फक्त पिलाच्या अंगाखालचें फडकें मोत्याच्या जागेपासून हातभर दूर ठेवीत असूं, आणि मोत्याचें गोणपाट वर नेत असूं. पहिल्या दिवशीं मोत्या त्या फडक्याला वळसा घालून गेला. तिसऱ्या दिवशीं त्यानें तें बराच वेळ हुंगलें आणि त्याच्याच शेजारीं तो निजला. ओळख नाकानें होते, हें पुस्तकांत वाचणें निराळें आणि डोळ्यांनीं पाहणें निराळें.

मग भेट घडविली ती घरांत नाहीं, तर शेजाऱ्यांच्या बंद अंगणांत; कारण तें कोणाच्याच मालकीचें नव्हतें. मामंजींनीं मोत्याला नेहमींसारखें फिरावयास म्हणून नेलें, आणि पुतण्या पिलाला कडेवर घेऊन मागाहून गेला. दोघांनाही दोऱ्या होत्या, पण सैल. दोरी ताणली गेली कीं कुत्र्याला वाटतें, धन्यालाच समोरच्याची धास्ती आहे. समोरासमोर उभें न करतां दोघांना एकाच दिशेनें, मध्यें चार-पांच हात अंतर ठेवून चालविलें. पिलूं पुढचे पाय जमिनीला टेकून, पाठ उंच करून मोत्याला खेळावयास बोलावूं लागलें. मोत्यानें मान फिरविली. पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणें मान फिरवितांच आम्हीं दोघांना दूर केलें. दहा मिनिटांत भेट संपली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां दहा मिनिटें.

घरांतले नियम मात्र कडक केले. आरामखुर्चीजवळची आणि माठाखालची, ह्या दोन जागा मोत्याच्या. पिलूं तेथें गेलें कीं त्याला उचलून दुसरीकडे न्यावयाचें, मोत्याला उठवावयाचें नाहीं. पडवीच्या तोंडाशीं एक बुटकी फळी आडवी लावली. मोत्याला ती ओलांडतां येई, पिलाला येत नसे. म्हाताऱ्या कुत्र्याला मनांत येईल तेव्हां उठून जातां येईल अशी जागा असणें, हें साऱ्या व्यवस्थेचें मर्म आहे. जेवणें वेगवेगळ्या ठिकाणीं: मोत्याचें दोनदां, पिलाचें चारदां, आणि दोघांचीं भांडीं लगेच उचललेलीं. पिलूं दिवसाच्या चोवीस तासांपैकीं अठरा-वीस तास झोपतें, किंबहुना त्यानें झोपलेंच पाहिजे. मुलें त्याला खेळवून जागें ठेवतात, आणि झोपेला पेंगुळलेलें पिलूंच अधिक चावरें होतें. आमच्याकडे मुलांना आवरणें हें पिलाला आवरण्यापेक्षां अवघड गेलें, हें मी कबूल करतें.

औषधपाण्याविषयीं थोडक्यांत पण निक्षून सांगावयाचें तें असें. पिलूं आठ आठवड्यांचें होईपर्यंत त्याला आईपासून तोडूं नये. दांत किती जोरानें लावावेत हें तें भावंडांशीं खेळतांनाच शिकतें. आणल्याबरोबर पशुवैद्यांना दाखवावें व त्यांनीं सांगितलेले दिवस निराळें ठेवावें, कारण पुष्कळ पिलें जन्मतःच पोटांत जंत घेऊन येतात. पार्व्हो नांवाचा रक्ताच्या हगवणीचा रोग १९७८ च्या सुमारास जगापुढें आला. त्याचें विष मातींत महिनेच्या महिने टिकतें. त्याची व डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठराविक अंतरानें टोंचावी लागते, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. तें पुरें होईपर्यंत पिलाला मोकाट कुत्र्यांच्या वाटेवर सोडूं नये. पण पुष्कळ घरीं विसर पडतो तो म्हाताऱ्याच्या लशीचा. मोत्याची रेबीजची लस दोन वर्षें चुकली होती. ती त्याच वेळीं लक्षांत आली.

महिनाभरानें पिलानें मोत्याच्या जागेकडे न जाण्याचें शिकून घेतलें. मोत्या कधीं कधीं भुंकून त्याला दटावी. तें पाठीवर पडून पोट दाखवी. आणि तो तेथेंच थांबे. हें शासन कुत्र्यांचें कुत्र्यांनीं करावें. आपण मध्यें पडूं नये. पिलूं शरण आल्यावरही मोठा कुत्रा थांबत नसेल, किंवा पिलाला जायबंदी करीत असेल, तर मात्र दोघांना एकत्र ठेवण्याचा हट्ट सोडावा.

आणि कांहीं घरीं पिलूं आणूंच नये, असें माझें स्पष्ट मत झालें आहे. कुत्रा दुखण्यानें अंथरुणास खिळलेला असेल, घरांत दिवसा कोणी नसेल, दोघांना वेगळें ठेवण्यास दोन जागा नसतील, तर सोबतीचें निमित्त सांगूं नये. मी एके दिवशीं मामंजींना विचारलें कीं, पिलूं खरोखर कोणासाठीं आणलें? ते बराच वेळ मोत्याच्या मानेवरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "हा गेल्यावर तुम्हांला माझ्याकडे पाहवणार नाहीं, म्हणून आणलें." मला उत्तर सुचलें नाहीं.

आतां वैशाख चालू आहे. भंडाऱ्याचें ऊन दुपारीं ओट्यावर पाय ठेवूं देत नाहीं. पिलाला कायमचे दांत येऊन तें मोत्याएवढें उंच झालें आहे, आणि पडवींतली फळी कधींच निघाली. माठाखालच्या फरशीवर अजून मोत्याच निजतो; पिलूं तिच्या कडेला, जेथें ओल संपते तेथें, हनुवटी टेकून पडतें. परवां नैवेद्याच्या वेळीं दोघेही माजघराच्या दारांत बसलीं होतीं. पुरणाच्या वासानें पिलानें एक पाय उंबरठ्याच्या आंत टाकला. मोत्या न उठतां हळूंच गुरगुरला, आणि पाय मागें आला. मोठे दीर तेथेंच पाटावर बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. सासूबाईंनीं मात्र हातांतली पळी थांबवून पाहिलें, आणि म्हणाल्या, "ह्याला मीं नव्हतें हो शिकवलें."