बालाघाटावरील सौताडा

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या कड्यावर सौताडा हे गाव वसले आहे. येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यातील हा धबधबा प्रेक्षणीय खराच. परंतु माथ्यावरील हलक्या, उथळ जमिनीस त्या पाण्याचा लाभ होत नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. या डोंगरपट्ट्यातील गावांची वस्ती मात्र ऋतुमानाप्रमाणे घटते व वाढते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी 'कोयते' साखर कारखान्यांकडे निघतात. पती व पत्नी मिळून एक कोयता मानतात. मागे वृद्ध माणसे व काही मुले उरतात. गळीत हंगाम आटोपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे, घरे पुन्हा उघडतात. बांधबंदिस्तीची कामे तेव्हापासून मृगापर्यंतच्या अवधीत काढावीत. एरवी मजूर मिळणे कठीण.